पाणीमास्तरांची बिऱ्हाडं

पाणीमास्तरांनी आयुष्यात कधी कुणाला शिकवलं नाही. गावाच्या पाण्याच्या टाकीवर ते नोकरीला लागले तेव्हा शाळेत मास्तरांची जागा रिकामी होती आणि टाकी शाळेच्या मागेच होती, एवढाच काय तो संबंध. पोरं जाता येता चेष्टेने 'मास्तर' म्हणून हाक मारायची, हे भले गृहस्थ वळून बघायचे, आणि नाव चिकटलं. पुढे शाळेत खरे मास्तर आले, बदलून गेले, मुलं मिळेनात म्हणून शाळाच बंद झाली. हे मास्तर तेवढे राहिले.

गाव टेकाडावर वसलेलं. खाली मोठ्या रस्त्याला लागून आणखी एक गाव होतं, म्हणून हे वरचं आणि ते खालचं. एके काळी वरच्या गावात सूतगिरणी होती आणि खालच्या गावातल्या मुली वरच्या गावात दिल्या की त्यांचं नशीब उघडलं असं मानत. नळ घातले गेले ते त्या दिवसांत. गिरणी वाढणार, वस्ती वाढणार, या हिशोबाने पाइप इतके जाड घातले की एखादं मांजर या गल्लीत आत शिरलं असतं तर त्या गल्लीतून आरामात बाहेर पडलं असतं. गिरणी वाढली नाही. बंद पडली. आधी तरणी माणसं गेली. मग त्यांची मुलं सांभाळायला त्यांचे आईवडील गेले. मागे राहिले ते ज्यांना कुणी बोलावलं नाही ते, आणि ज्यांनी बोलावूनही ऐकलं नाही ते. मास्तर आणि त्यांची बायको दुसऱ्या प्रकारात मोडत.

माणसं गेली पण पाइप तेवढेच जाड राहिले. त्यामुळे एक नवीच अडचण उभी राहिली. वापरणारे थोडे, म्हणून पाणी पाइपात पडून राही. पडून राहिलेलं पाणी आधी पिवळट होई, मग त्याला गंजाचा वास येई, आणि मग ते ज्या चार घरांत माणसं होती त्यांच्या नळाला येई. खरं म्हणजे प्रत्येक गल्लीच्या टोकाला एक मोठा व्हॉल्व्ह होता. आठवड्यातून एकदा तो उघडायचा, शिळं पाणी गटारात सोडायचं, की काम झालं. पण हे व्हॉल्व्ह गंजून बसले होते आणि नवे मागवले तर वरून उत्तर येई की मागणीची नोंद घेतली आहे. ती नोंद घेण्यात कित्येक वर्षं गेली.

मास्तर वाट बघत बसणाऱ्यांतले नव्हते. गाव सोडून जाणारे जाताना घराची किल्ली त्यांच्याकडे देऊन जात. "जरा लक्ष ठेवा" असं म्हणत, आणि लक्ष कशावर ठेवायचं ते सांगायचं विसरत. मास्तरांनी आपल्या परीने त्याचा अर्थ लावला. ते रोज किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघत, एकेक बंद घर उघडत आणि आतले नळ सोडत. शिळं पाणी निघून जाई, ताजं पुढे येई, आणि वस्तीच्या घरांना चांगलं पाणी मिळे. पाणीपट्टी घरटी ठरलेली होती, कितीही वापरा, त्यामुळे कुणाला काही भुर्दंडही नव्हता.

पण पाणी नुसतं वाहताना बघणं त्यांच्या जिवावर येई. देवाने दिलेलं पाणी, ते मोरीतून डोळ्यांदेखत जाऊ द्यायचं म्हणजे काय. म्हणून त्यांनी त्याचा उपयोग सुरू केला. दातांच्या डॉक्टरांच्या घरी आरसा मोठा आणि उजेड चांगला, तिथे सकाळी ते दाढी करत. गवंड्याने स्वतःसाठी हौसेने बांधलेलं न्हाणीघर होतं, आत बसायला दगडी कट्टा. तिथे अंघोळ. शिंप्याच्या मोरीत कपडे धुवायचे, कारण तिथला दगड खरखरीत. शाळेच्या जुन्या हेडबाई मुलीकडे गेल्या तेव्हा चहा-साखरेचे डबे भरलेले होते, आणि ते वाया जाऊ देऊ नका असं त्यांनी शाळेतल्याच आवाजात बजावलं होतं. डबे केव्हाच संपले. आता मास्तर स्वतःची चहा-साखर नेऊन त्यांच्या डब्यात भरत आणि मग त्यातून काढून चहा करत. कप विसळून पालथा घालत. फोटोवाल्याच्या घरी दुपारी पाय धुवायचे आणि तिथल्याच आरामखुर्चीत डोळा लावायचा. संध्याकाळी सगळ्यांच्या अंगणातल्या झाडांना पाणी. त्यामुळे गावात एक उलटाच प्रकार झाला होता. ज्या घरांत माणसं होती त्यांची अंगणं वाळलेली, कारण म्हाताऱ्यांना बादली उचलत नसे, आणि बंद घरांची अंगणं हिरवीगार.

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, यावर काही कमी बोलत नसत. दाढी एका घरी, अंघोळ दुसऱ्या घरी, चहा तिसऱ्या घरी, आणि माझ्या घरी कशाला येता तर जेवायला आणि घोरायला, असं त्या आल्यागेल्याला सांगत. वर म्हणत, बाहेर एखादं बिऱ्हाड करणारा नवरा परवडला, निदान त्याचा पत्ता तरी माहीत असतो.

काकू देवभोळ्या नव्हत्या, देवभक्त होत्या. या दोन्हींत फरक आहे. देवाकडे त्या स्वतःसाठी सहसा काही मागत नसत. सकाळी हात जोडून बसल्या की गल्लीच्या एका टोकापासून सुरुवात करत आणि घराघराचं नाव घेत दुसऱ्या टोकाला पोचत. डॉक्टरांचं त्यांच्या जागी बरं चालू दे. गवंड्याच्या सुनेला समज येऊ दे. हेडबाईंचे गुडघे. यात अर्धा तास जाई, आणि तेवढा वेळ पाय खाली सोडून बसायची त्यांना मनाई होती, म्हणून पाय स्टुलावर ठेवून त्या प्रार्थना करत. देवाने ते चालवून घेतलं असावं.

पायाचं असं होतं. त्यांच्या डाव्या घोट्यावर एक जखम होती. पायातल्या शिरा थकल्या, रक्त वर चढेना, त्यातून झालेली. ती बरी व्हायची तर पाय खालपासून गुडघ्यापर्यंत पट्टीने घट्ट आवळून बांधावा लागे, आणि तो बांधणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. पट्टी सैल झाली तर उपयोग नाही, फार घट्ट झाली तर पाय काळानिळा. गावच्या दवाखान्यातल्या सिस्टर दिवसाआड ती बांधून देत. डॉक्टर महिन्यातून एखाद्या वेळी उगवे, पण सिस्टर रोज असत. दवाखाना म्हणजे सिस्टर, आणि सिस्टर म्हणजे काकूंचा पाय.

मुलगा शहरात होता, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट होती, आणि ती कधी कधी चालूही असे. मुलगा गुणी होता, त्यात काही वाद नाही. त्याने आईवडिलांसाठी पलंग घेऊन ठेवला होता आणि दर फोनला पलंगाची आठवण करून देई. त्याचं म्हणणं सरळ होतं: दवाखाना आहे तोवर ठीक, तो ज्या दिवशी उठेल त्या दिवशी तुम्ही निघायचं. काकूंनी याला हो म्हटलं होतं. हो म्हणायला काय जातं, दवाखाना तर होताच.

असं सगळं सुरळीत चालू असताना नवे मीटर आले.

हे मीटर माणसाने येऊन वाचावे लागत नसत. कुठल्या घरात कधी किती पाणी गेलं हे ते आपलं आपण मोठ्या कचेरीला कळवत. मास्तरांनी स्वतःच्या हातांनी ते घरोघरी बसवले, बंद घरांतसुद्धा, कारण काम सांगितलं होतं तसं ते करत. मीटरला आपल्याबद्दल काही कळेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांना वाटलं, पाणी मोजतात.

वर्षभराने मोठ्या कचेरीतून एक मॅडम आल्या. वयाने तरुण, पायांत चालायचे बूट, खांद्याला पिशवी, बोलणं नीट आणि समोरच्याचं ऐकून घेण्याची सवय. त्या गावोगाव हिंडून दवाखाने, शाळा, बसगाड्या कुठे ठेवायच्या आणि कुठे उचलायच्या हे ठरवत होत्या. टाकीवर मास्तरांच्या शेजारी बसून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. जनगणनेवर आता भरवसा राहिलेला नाही, माणसं कागदावर एकीकडे असतात आणि राहतात भलतीकडे. पण पाणी लागतंच. म्हणून आता पाण्यावरून माणसं मोजायची. आणि या मोजणीत वरचं गाव म्हणजे एक आश्चर्य निघालं होतं. आजूबाजूची सगळी गावं ओस पडत होती आणि इथली वस्ती हलली नव्हती. सकाळी उठून वेळच्या वेळी पाणी वापरणारी, शिस्तीची माणसं. मॅडमना त्यांचं कौतुक वाटत होतं.

मास्तरांना आधी काही कळलं नाही. मग कळलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि मॅडमना चहा विचारला.

मॅडम पुढे म्हणाल्या की दोन गावांना मिळून आता एकच दवाखाना ठेवायचा आहे. खालच्या गावात पाणी वापरणारी घरं फारच थोडी दिसतात, तेव्हा तिथला बंद करून वरचा मोठा करायचा. बाळंतपणाची खोलीही वरच काढायची. महिनाअखेर शाळेच्या जुन्या सभागृहात बैठक आहे, तिथे जाहीर होईल.

ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. वरच्या गावात बातमी गावभर व्हायला फार लांब जावं लागत नसे. दुकानात पाच-सहा जण जमले. दुकानदाराने गिरणी बंद पडली त्या आठवड्यात 'उधार बंद' अशी पाटी लावली होती, ती अजून तशीच होती आणि त्याचं नावही तेच पडलं होतं. या उधारबंदने सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. त्याचं म्हणणं, मास्तर, आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही गावासाठी काही केलंत. आता थांबू नका. बाळंतपणाची खोली देणार म्हणतात तर लोकांच्या घरात तान्ही मुलं दिसली पाहिजेत, तेव्हा एक-दोन घरांत पहाटे थोडं थोडं पाणी सोडत जा, दुपटी धुतल्यासारखं. न्हाव्याने सुचवलं की एका घरात जुळी दाखवावीत. यावर बराच वेळ गंभीरपणे चर्चा झाली. जुळ्यांना दुप्पट पाणी लागतं की दीडपट, यावर एकमत होईना.

मास्तर घरी गेले. त्यांच्या डोक्यात एवढंच होतं की दवाखाना राहतो आहे, पाय राहतो आहे, गाव राहतं आहे, आणि आपण कुणाला एक शब्दही खोटा बोललेलो नाही. या हिशोबात कुठे चूक सापडत नव्हती, तरी जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी खालच्या गावातून त्यांच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला की परसातला नळ गळतोय. मास्तर पाना घेऊन निघाले. खालच्या गावाला ते पुष्कळ दिवसांत गेले नव्हते. मोठ्या रस्त्याला लागून तिथे फळं खोक्यांत भरायची एक भली मोठी शेड झाली होती, आणि तिथे कामाला कुठून कुठून लांबून माणसं आली होती. त्यांची बोली वेगळी. बहिणीने मागच्या दोन खोल्या अशाच दोन कुटुंबांना दिल्या होत्या, शेजारणीने गोठा सारवून दिला होता, आणि जागा मिळेल तिथे लोक राहत होते.

यांतल्या बहुतेकांना मिळून शेडच्या भिंतीबाहेर एकच नळ होता. मास्तर वाटेत थांबले ते धंद्याच्या सवयीने, तोटी कशी आहे ते बघायला. तोटी बरी होती. नळापुढे बायकांची रांग होती, कडेवर मुलं, पायांत मुलं, रांगेच्या बाजूने पळणारी मुलं. इतकी मुलं एका जागी मास्तरांनी पुष्कळ वर्षांत पाहिली नव्हती, आणि ती एवढा आवाज करतात हेही ते विसरून गेले होते. नळाला एक मीटर होता. एक नळ, एक मीटर, म्हणजे मोठ्या कचेरीच्या लेखी एक घर.

परसातला नळ दुरुस्त करताना बहीण शेजारी उभी राहून बोलत होती. मागच्या खोलीतल्या मुलीचे दिवस भरत आलेत. नवरा शेडमध्ये, सासू लांब, बोलणं कुणाला कळत नाही. इथल्या दवाखान्यातली नर्स तेवढी तिला तपासते, आणि आता तोच दवाखाना बंद होणार म्हणतात. दादा, वर कशी चढणार रे ती पोर? मास्तर वॉशर बदलत होते. ते म्हणाले, हं. बहीण म्हणाली, तुमच्याकडे एवढी वस्ती वाढली कधी? मास्तर म्हणाले, पाना दे जरा. तेवढ्यात ती मुलगी बादली घ्यायला दारात आली. तिने मास्तरांकडे बघून मान हलवली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून नळ चालू होण्याची वाट बघत उभी राहिली. नळ चालू झाला.

त्या दिवशी मास्तर टेकाड चढून आले ते थेट स्वतःच्याच घरी आले. काकूंना आश्चर्य वाटलं. त्या स्टुलावर पाय ठेवून भाजी निवडत होत्या. मास्तरांनी समोर बसून सगळं सांगितलं, रांगेचं, एका मीटरचं, त्या मुलीचं. काकू निवडत राहिल्या. मास्तरांना मनातून वाटत होतं की ही म्हणेल, गप्प बसा, देवानेच सोय केली आहे. तसं ती म्हणाली असती तर तेही गप्प बसले असते, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचा दोष वाटून घेता आला असता.

काकूंनी भाजी संपवली. मग विचारलं, "त्या मुलीचं नाव काय?"

"विचारलं नाही."

"विचारून या. मला सकाळी लागेल."

मास्तरांनी हातातला पाना खाली ठेवला.

"आणि त्या बाईंना खरं काय ते सांगून टाका, अहो."

"अगं, पण तुझ्या पायाचं काय?"

"पाय माझा आहे," काकू म्हणाल्या. "दवाखाना माझा नाही."

मग त्यांनी भाजीची परात उचलून त्यांच्या हातात दिली, कारण पाय खाली सोडून आत जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि विषय संपला. मास्तर परात घेऊन स्वयंपाकघरात गेले. ती कुठे ठेवायची हे त्यांना माहीत नव्हतं. या घरातलं बरंचसं त्यांना माहीत नव्हतं.

महिनाअखेर शाळेच्या सभागृहात बैठक झाली. भिंतीवर अजून पाढे लिहिलेले होते आणि बसायला लहान मुलांची बाकं होती, त्यामुळे सगळी म्हातारी माणसं गुडघे वर घेऊन बसली होती. खालच्या गावातलेही थोडे लोक आले होते. बहीण आली होती. मॅडमनी भिंतीवर मशीनने चित्र पाडलं, प्रत्येक घरासाठी एक रंगीत पट्टी, पाणी वापरलं की पट्टी वर जाते. त्या एकेक घर दाखवत होत्या. हे बघा, हे गृहस्थ रोज सकाळी ठरलेल्या वेळी थोडं पाणी वापरतात, एक दिवस चुकलेला नाही. हे दुसरं घर, इथे लगेच नंतर अंघोळ होते. इथे दुपारी.

मास्तर उठले. लहान बाकात अडकल्यामुळे त्यांना उठायला वेळ लागला.

"मॅडम, ते पहिलं घर रिकामं आहे," ते म्हणाले.

मॅडमनी चित्राकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "मग तिथे सकाळी पाणी कोण वापरतं, काका?"

"मी. तिथे दाढी करतो."

"आणि हे?"

"तिथे अंघोळ."

"दुपारचं?"

"पाय धुतो. मग जरा पडतो."

मागून उधारबंद म्हणाला की मास्तरांची तब्येत हल्ली ठीक नसते, वयोमान आहे. मॅडमनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी चित्रावरच्या पट्ट्यांवरून हात फिरवला.

"म्हणजे ही सगळी माणसं..."

"बहुतेक मीच आहे," मास्तर म्हणाले.

खाली बसायच्या आधी त्यांनी शेडबाहेरच्या नळाचंही सांगितलं. तो एक मीटर म्हणजे एक घर नव्हे, स्वतः जाऊन बघा, मात्र सकाळी जा, दुपारी ती सगळी कामावर असतात. मॅडम हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. हे आमच्याही लक्षात यायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. पण कचेरीला नुसतं सांगून चालत नाही, दाखवावं लागतं. तेव्हा आठवडाभर बंद घरांतला एकही नळ सोडू नका. मास्तरांनी पाइपातलं पाणी शिळं होईल ते सांगितलं. मॅडमनी टोकाच्या व्हॉल्व्हचं विचारलं, आणि त्याची मागणी किती वर्षांपूर्वी केली ते ऐकून पहिल्यांदाच खाली बघितलं. दुसऱ्या दिवशी दोन माणसं नवे व्हॉल्व्ह घेऊन आली आणि जेवायच्या वेळेपर्यंत बसवून गेलीसुद्धा.

तो आठवडा मास्तरांना जड गेला. ते स्वतःच्या घरी दाढी करायला लागले आणि तिथल्या छोट्या आरशात पहिल्याच दिवशी हनुवटी कापून घेतली. दुपारी झोपायला जागा शोधत ते काकूंच्या पायात पायात येऊ लागले. काकू म्हणाल्या की लग्नाला इतकी वर्षं झाली, आता कुठे नवरा नांदायला आला. मोठ्या कचेरीतल्या चित्रावर मात्र वरच्या गावातल्या पट्ट्या एकेक करून आडव्या झाल्या. डॉक्टर गेले, गवंडी गेला, शिंपी गेला, हेडबाई गेल्या. बरीच वर्षं उशिरा, पण सगळे एकाच आठवड्यात गेले.

दवाखाना खाली ठेवायचं ठरलं. वरच्या सिस्टरचीही बदली तिथेच झाली, कारण खालची एकटी नर्स पुरी पडत नव्हती. उधारबंदने मास्तरांशी बोलणं सोडलं. सामान देई, पैसे घेई, पण बोलत नसे. पाटीकडे बोट दाखवून भागवी. मुलाचा फोन आला. त्याने आवाज चढवला नाही, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो एवढंच सांगितलं. काकू हो म्हणाल्या. त्या आधीच हो म्हणून बसल्या होत्या, आता शब्द फिरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सिस्टर दवाखान्याचं सामान बांधून झाल्यावर शेवटची पट्टी करायला काकूंच्या घरी आल्या. मास्तर दारात उभे होते. एरवी ते अशा वेळी बाहेर जात. या वेळी ते जवळ येऊन बसले आणि बघत राहिले. सिस्टर बोटांच्या मुळापासून सुरुवात करत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, खाली घट्ट आणि वर जाताना थोडी सैल. मास्तरांनी विचारलं की ताण कसा कळतो. सिस्टर म्हणाल्या, ते शब्दांत सांगता येत नाही, बोटांना कळतं. मास्तर म्हणाले, पाइपाच्या आट्यांवर टेप गुंडाळतो तेव्हाही असंच, अर्धा वेढा अर्ध्यावर, आणि कमी ओढला तर गळतं, जास्त ओढला तर टेप तुटतो.

सिस्टरने त्यांच्याकडे बघितलं. मग अर्धी बांधलेली पट्टी सोडली आणि गुंडाळी त्यांच्या हातात दिली.

काकूंनी हरकत घेतली. मी काय नळ आहे का, असं त्यांनी विचारलं. पण पाय मागे घेतला नाही.

पहिल्या वेळी पट्टी घोट्याला गोळा झाली. दुसऱ्या वेळी बोटं पांढरी पडली आणि सिस्टरने ती लगेच सोडवली. बोटाचं नख दाबून रंग परत येतो का ते कसं बघायचं, पाय दुखला किंवा गार पडला तर विचार न करता सोडून टाकायची, जखमेला वास आला तर तडक खाली यायचं, हे सगळं त्यांनी नीट सांगितलं आणि मास्तरांकडून परत वदवून घेतलं. रविवारपर्यंत त्या टेकाड चढून रोज येत राहिल्या आणि नुसत्या बघत बसल्या. शनिवारी त्यांनी हात लावला नाही.

रविवारी मुलगा आला. गाडीची मागची जागा त्याने आईचा पाय लांब ठेवता यावा म्हणून मोकळी केली होती. काकू नीट कपडे करून तयार होत्या. त्या म्हणाल्या, निघूया, पण जाताना खाली दवाखान्यात थांबायचं, सिस्टरना पाय दाखवल्याशिवाय मी हलत नाही. मुलाला यात काही गैर वाटलं नाही. मास्तर पुढे बसले.

खालच्या दवाखान्यात बसायला जागा नव्हती. बाकावर सगळ्या तरण्या बायका, एकीच्या मांडीवर दोन दिवसांचं बाळ. ती मागच्या खोलीतली मुलगी होती. काकूंनी तिला तिच्या नावाने हाक मारली. मुलगी दचकली, मग सरकून जागा दिली, आणि भाषा कळत नसल्यामुळे बोलायच्या ऐवजी बाळ काकूंच्या हातात ठेवलं. काकूंनी त्याला बघितलं आणि अगदी माझ्या सासऱ्यांसारखं दिसतं असं मत दिलं. ते सगळ्याच नवीन बाळांना लागू पडे.

आत सिस्टरने पट्टी सोडवली. जखम बघितली, कडेने बोट फिरवलं, चिमट्याने कापूस काढला. मुलगा शेजारी उभा होता. सिस्टर म्हणाल्या की कडा भरून येतायत, मागच्यापेक्षा लहान झाली आहे, आता पंधरा दिवसांनी दाखवायला आणलं तरी चालेल. मुलाने विचारलं की पट्टी इतकी छान कुणी बांधली. सिस्टरने मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तर छताकडे बघत होते. तिथून एक पाइप जात होता.

मुलाने पायाकडे वाकून बघितलं. मग म्हणाला, "आई, पण तू हो म्हणाली होतीस."

"म्हणाले होते ना," काकू म्हणाल्या. "येते की. पण पाय बरा होईपर्यंत प्रवास नको, आणि बरा झाला की मग यायचं कारण काय?"

मुलाने वडिलांकडे बघितलं. वडिलांनी नवी पट्टी उचलली, खाली बसले आणि बोटांच्या मुळापासून सुरुवात केली. सिस्टरने दार उघडून पुढच्या बाईला हाक मारली.